न विचारता उघडलेले केसपेपर

३ मार्च

ही डायरी एका औषध कंपनीची, दोन वर्षांपूर्वीची. तारखा बरोबर आहेत, वार चुकीचे. कपाट आवरताना हिनं काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "रोज येऊन माझं डोकं खाण्यापेक्षा यात लिहीत जा." म्हणून जेवणाच्या सुट्टीत टेबलाशी बसून लिहितोय. वार खोडत बसणार नाही.

हॉस्पिटलची रेकॉर्ड रूम आज बंद झाली. सव्वीस वर्षं मी तिथं काढली. अठरा लोखंडी कपाटं आणि प्रत्येक पेशंटचं एक पिवळट कार्ड. नाव सांगितलं की मी कपाट क्रमांक सांगायचो, आणि नव्या डॉक्टरांना तो चमत्कार वाटायचा. आता सगळं कॉम्प्युटरमध्ये जाणार आणि त्याबरोबर मीही. तरुणपणी मी प्रोग्रॅमिंगचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता, ते अधीक्षकांना माझ्या जुन्या फायलीत सापडलं. त्या भाषेत आता कुणी एक ओळ लिहीत नाही, पण फायलीत 'प्रोग्रॅमिंग' हा शब्द होता, तेवढं पुरलं. दुसरा पर्याय मुदतीआधी घरी बसण्याचा होता.

घरी बसायला हरकत नव्हती, पण बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन याच हॉस्पिटलात अठ्ठावीस तारखेला ठरलंय. आतला माणूस आत असलेला बरा.

५ मार्च

नवीन विभाग दुसऱ्या मजल्यावर, गरम पाण्याच्या बॉयलरला लागून. सहा टेबलं, पाच तरुण आणि मी. प्रमुख मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या आहेत. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला काका म्हणतात. कुणाचं वय कुणाला अडचणीचं वाटतंय ते अजून ठरलेलं नाही.

मॅडमनी फळ्यावर समजावलं. क्लास म्हणजे छापलेला कोरा केसपेपर. ऑब्जेक्ट म्हणजे एका खऱ्या पेशंटचा उघडलेला केसपेपर. आणि कन्स्ट्रक्टर? नवा ऑब्जेक्ट जन्माला येतो त्या क्षणी जो आपोआप आणि एकदाच चालतो, तो कन्स्ट्रक्टर. कोशात त्याला 'रचनाकार' असा शब्द सापडला. तो वाचून मला शाल पांघरलेला कवीच दिसायला लागला, म्हणून कन्स्ट्रक्टरच म्हणतो.

मी माझ्या भाषेत असं लिहून ठेवलं: कन्स्ट्रक्टर म्हणजे नोंदणी खिडकीवरची बाई. ती नाव विचारते, वय विचारते, कागद उघडून देते. तिच्याशिवाय कुणी आत जात नाही. मॅडमनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "काका, याहून चांगलं मला सांगता आलं नसतं." दिवसभर अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

६ मार्च

काल समजलेलं आज समजत नाही. कन्स्ट्रक्टरचं नाव आणि क्लासचं नाव एकच का असतं? तो काही परत का देत नाही? बाकीची पोरं टकाटक लिहितात. मी ओळीच्या शेवटी राहून गेलेला एक अर्धविराम शोधण्यात सकाळ घालवली.

९ मार्च

आज डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर. तुम्ही स्वतः एकही कन्स्ट्रक्टर लिहिला नाही, तर यंत्र गुपचूप एक देतं. तो काही विचारत नाही, नुसता कागद उघडतो, रकाने रिकामे ठेवतो. मला हा गडी फार आवडला. न सांगता काम करणारं कुणीतरी आहे.

हे हिला सांगितलं. ती बाबांचा चष्मा शोधत होती. म्हणाली, "या घरात तो मीच आहे." चष्मा शेवटी साखरेच्या डब्यात सापडला. बाबा हल्ली विनोदी होत चाललेत. परवा त्यांनी मला माझ्या काकांच्या नावानं हाक मारली आणि वर म्हणाले, "तुझं लग्न ठरलं का?" आम्ही पोट धरून हसलो. ही नाही हसली.

११ मार्च

काम मिळालं. जुन्या कार्डांवरची माहिती बाहेरच्या टायपिस्टांनी रकान्याप्रमाणे टाइप करून ठेवलीय. एकूण अकरा हजार दोनशे आठ कार्डं. त्यातून प्रत्येकाचा नवा ऑब्जेक्ट बनवायचा. सतरा तारखेला नवी सिस्टिम सुरू होणार, तोवर हे झालं पाहिजे.

मी मोठ्या हौसेनं कन्स्ट्रक्टर लिहिला. नाव, वय, ॲलर्जी असे तीन प्रश्न विचारणारा. लिहिला आणि एक्केचाळीस ठिकाणी चूक दाखवणाऱ्या लाल रेघा उमटल्या. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही स्वतःचा एक लिहिलात की यंत्र आपला डिफॉल्ट काढून घेतं. आता जिथं जिथं कुणी काही न देता कागद उघडत होतं, तिथं अडणार." म्हणजे आपण एक शहाणपणाची गोष्ट केली की फुकटची मदत बंद. हे आमच्या थोरल्या मामांसारखंच झालं. एक्केचाळीस.

१३ मार्च

दोन दिवस लाल रेघांशी झुंजतोय. मॅडम नव्या सिस्टिमच्या तयारीत दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर धावताहेत, त्यांना विचारायची सोय नाही. शेजारच्या टेबलावरचा पोरगा म्हणाला, "एक नो-आर्ग्युमेंट लिहून टाका ना. मोकळे व्हाल." म्हणजे काहीच न विचारणारा कन्स्ट्रक्टर, पण आपल्या हातानं लिहायचा. लिहिला. चाळीस रेघा गेल्या. राहिली एक.

ती ॲलर्जीची. मॅडमनी असं करून ठेवलंय की ॲलर्जीचा रकाना रिकामा असेल तर नोंद साठवलीच जात नाही. आणि जुन्या कार्डांवर ॲलर्जीचा रकानाच नव्हता, तेव्हा टायपिस्टांनी काय टाइप करावं? एकूण एक रिकामे. मग माझ्या त्या कन्स्ट्रक्टरमध्ये एक ओळ घातली: ॲलर्जी, 'नाही'. बटण दाबलं. अकरा हजार दोनशे आठ नोंदी एका दमात साठल्या. एकही लाल रेघ नाही. जीव भांड्यात पडला.

१७ मार्च

सिस्टिम सुरू झाली. अधीक्षक वर आले आणि पोरांच्या देखत माझ्या पाठीवर थाप मारली. "रेकॉर्ड रूमवाले म्हणजे जुनं खोड समजत होतो. तुम्ही तर कमाल केलीत." मॅडमनी माझं काम तपासायचं होतं, पण चौथ्या मजल्यावरच्या गडबडीत राहून गेलं. जाताना म्हणाल्या, "काका, सगळं गेलं ना व्यवस्थित?" मी म्हणालो, "डिफॉल्टनं सांभाळलं." त्यांनी हसून मान हलवली.

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "छान. तुझ्या आईला सांगितलंस का?" आई जाऊन नऊ वर्षं झाली. ही उठून आत गेली.

२० मार्च

कार्डं गेली. कागद गिरणीचा ट्रक आला, हमालांनी कपाटं रिकामी केली. मी खिडकीतून बघत होतो. एक गठ्ठा सुटून जमिनीवर पसरला, तेव्हा वरून मला कार्डांच्या कोपऱ्यांवर कुठंकुठं लाल दिसलं. काहीतरी आठवल्यासारखं झालं. तेवढ्यात कुणीतरी चहाला हाक मारली.

२३ मार्च

काय लिहू.

काल वॉर्डात एका शिक्षिकेला जखमेसाठी नेहमीचं इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत चेहरा सुजला, श्वास लागेना. तिला वाचवलं. आता बरी आहे, हे आधी लिहितो, कारण मला ते पुन्हा वाचायचंय. बरी आहे.

स्क्रीनवर तिच्या नावापुढं लिहिलेलं होतं, ॲलर्जी: नाही.

आज सकाळी मोठ्या सिस्टर वर आल्या. त्यांना निवृत्त व्हायला वर्ष राहिलंय. मला म्हणाल्या, "चौदा वर्षांपूर्वी मी स्वतः तुमच्याकडून तिच्या कार्डाचा कोपरा लाल करून घेतला होता. ती लाल पेन्सिल कुठं गेली हो?"

तेव्हा आठवलं. कार्डावर रकाना नव्हता, म्हणून आम्ही वरच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलनं औषधाचं नाव लिहायचो. ही रीत कुणी छापली नव्हती, कुणी शिकवली नव्हती. वॉर्डातून सांगून यायचं आणि मी लिहायचो. सव्वीस वर्षं मीच. टायपिस्टांनी रकाने टाइप केले, कोपरे नाही. आणि मला आठवलं नाही. ते माझ्या डोक्यात कधी नव्हतंच, हातात होतं.

२४ मार्च

अधीक्षकांच्या खोलीत बैठक झाली. मी, मॅडम, मोठ्या सिस्टर. अधीक्षकांनी विचारलं, हे 'नाही' आलं कुठून? मी म्हणालो, "सर, तो डिफॉल्ट आहे." ते म्हणाले, "म्हणजे सिस्टिमनं स्वतः घातलं?" मी मान हलवली. हलवली म्हणजे हलली.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "रकाना रिकामा चालणार नाही हे बंधन मी घातलं होतं. आणि काम तपासणं माझ्याकडे होतं." अधीक्षकांनी ते लिहून घेतलं. माझ्या घशातून आवाज निघाला असता, पण मी काढला नाही.

बाहेर आल्यावर बॉयलरपाशी त्या थांबल्या.

"काका, डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर कशाला म्हणतात?"

मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. आपण एकही लिहिला नसेल तेव्हा यंत्र देतं तो.

"तुम्ही लिहिला होता ना?"

"हो."

"मग तो डिफॉल्ट कसा?"

मी म्हणालो, दोन्ही काहीच विचारत नाहीत, मला वाटलं दोन्ही एकच. त्या म्हणाल्या, "खूप जणांना वाटतं. पुस्तकांतही सरमिसळ करतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पण यंत्राचा असता तर रकाना रिकामा राहिला असता, आणि रिकाम्या रकान्यानं कुणीतरी थांबलं असतं. तुमच्यात काय भरायचं ते कुणीतरी ठरवलंय." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

२५ मार्च

बाबांची नोंद उघडली. त्यांचंही कार्ड त्या अकरा हजारांत होतं. ॲलर्जी: नाही.

तीन दिवसांनी ऑपरेशन आहे. मला आठवत नाही की त्यांच्या कार्डाचा कोपरा लाल होता की नव्हता. सगळ्या गावाच्या कार्डाचं कपाट सांगणारा मी, आणि बापाचं कार्ड डोळ्यांसमोर येत नाही.

संध्याकाळी विचारलं. "बाबा, तुम्हाला कुठलं इंजेक्शन चालत नाही का? कधी अंगावर पुरळ उठलं होतं?" त्यांनी बराच विचार केला. "तुझ्या आईला माहीत असेल," म्हणाले. पुन्हा विचारलं. "ती येऊ दे बाजारातून." मी तिसऱ्यांदा विचारणार होतो, पण हिनं माझा हात धरला. म्हणाली, "अहो, बास. तुम्हाला खरंच दिसत नाहीये का?" मी म्हणालो, काय? चष्मा, साखर, आईचं बाजारात जाणं, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं आणि मी खाली बसलो.

२६ मार्च

कागद गिरणीत गेलो. सुट्टी टाकून, दोन बस बदलून. अंगणात हौद, त्यात करडा लगदा ढवळत होता. गिरणीवाल्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, म्हणाला, "काका, तुमचा माल सोमवारीच हौदात गेला." मी हौदाशी उभा राहिलो. लालसर काही दिसतं का ते बघत होतो. लगदा सगळा एकाच रंगाचा होता.

परत आलो आणि मॅडमना म्हणालो, निदान सगळे 'नाही' पुसून तिथं 'माहीत नाही' लिहू. त्या म्हणाल्या, त्यांनी कालच विचारलं. अधीक्षकांनी मनाई केलीय, अकरा हजार जणांच्या नावापुढं 'माहीत नाही' दिसलं तर लोक काय म्हणतील. शिवाय गेल्या नऊ दिवसांत खिडकीवर खरोखर विचारून घातलेले 'नाही' त्यात मिसळलेत. कुठला विचारलेला आणि कुठला माझा, हे आता यंत्रालाही सांगता येत नाही.

मॅडमचं टेबल आज फार स्वच्छ होतं. खणसुद्धा आवरत होत्या. मनीप्लांटची कुंडी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "पाणी घालाल ना? आणि तो कन्स्ट्रक्टर मी काढत नाहीये. तो तुमच्या हातानं काढा." रजेवर जाणार असतील. थकल्यात बिचाऱ्या.

२८ मार्च

बाबांना भरती केलं. खिडकीवरच्या बाईनं स्क्रीन बघितली आणि पुढं गेली. ॲलर्जीचं विचारलंच नाही. विचारेल कशाला, तिथं 'नाही' लिहिलेलं होतं. मी म्हणालो, "ते चुकीचं आहे." ती म्हणाली, "मग काय घालू?" मी म्हणालो, "माहीत नाही." "ते चालत नाही हो यात," म्हणाली. रांगेतले लोक खोकायला लागले.

मी मोठ्या सिस्टरकडे गेलो. कधी नव्हे ते सगळं नीट सांगितलं. कन्स्ट्रक्टर कुणी लिहिला तेही. त्यांनी मान हलवली आणि बाबांच्या हाताखाली उशी ठेवली. कोपराच्या खाली कातडीत ऑपरेशनला द्यायच्या औषधाचा एक थेंब टोचला, भोवती पेननं गोल काढला. म्हणाल्या, "वीस मिनिटं बघत बसा. सूज आली तर मला हाक मारा."

आम्ही दोघं त्या गोलाकडे बघत बसलो. बाबांना मजा वाटत होती. दहा मिनिटं काही नाही. मग गोलाच्या आतलं कातडं हळूहळू वर आलं आणि लाल झालं. पेनची रेघ ओलांडून बाहेर गेलं. मी हाक मारली. आवाज फाटला.

सिस्टर धावत आल्या. बाबा हाताकडे बघून म्हणाले, "अरे, हे तर मला माहीत होतं."

म्हणजे कोपरा लाल होता. तो मीच केला असणार. आईनं खिडकीपाशी उभं राहून सांगितलं असणार आणि मी पेन्सिल उचलली असणार.

ऑपरेशन दुसरं औषध देऊन झालं. बाबा झोपलेत. ही त्यांच्या पायाशी बसलीय आणि माझ्याशी बोलत नाहीये. पण तिनं आपला अर्धा चहा माझ्याकडे सरकवला.

३० मार्च

सकाळी अधीक्षकांकडे गेलो. उभ्यानंच म्हणालो, "सर, तो डिफॉल्ट नव्हता. तो मी लिहिला होता. 'नाही' मी घातलं." त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "तो विषय आता बंद झालाय. तुमच्या मॅडमनी जबाबदारी घेऊन परवाच राजीनामा दिला. तुम्ही कशाला उकरून काढता?" मी म्हणालो, पण चूक माझी आहे. ते म्हणाले, "आता त्याचा काय उपयोग?"

उपयोग नव्हता. मी जिन्यात बसलो. त्या खण आवरत होत्या, कुंडी दिली, आणि मी रजा समजलो. चोवीस तारखेला एक वाक्य बोललो असतो तर त्या आज आपल्या टेबलाशी असत्या. त्यांना फोन केला. उचलला नाही. पुन्हा करायचा धीर झाला नाही.

वर येऊन कुंडीला पाणी घातलं आणि तो कन्स्ट्रक्टर खोडला. एक्केचाळीस लाल रेघा परत आल्या. या वेळी घाई केली नाही. प्रत्येक रेघ म्हणजे एक अशी जागा, जिथं पेशंटला न विचारता कागद उघडला जात होता.

मग यादी छापून घेतली. अकरा हजार दोनशे आठ नावं आणि फोन नंबर. परवानगी कुणाची घेतली नाही, घ्यायची कुणाकडून तेही कळेना. बाबांच्या नावावर काट मारली, शिक्षिकेच्या नावावर मारली. रोज जेवणाच्या सुट्टीत वीस झाले तरी दोन वर्षं लागतील, आणि तोवर कुणाला कुठं काय टोचलं जाईल ते माझ्या हातात नाही.

पहिला नंबर फिरवला. एका बाईंनी उचलला. मी म्हणालो, हॉस्पिटलातून बोलतोय, तुमच्या मिस्टरांना एक प्रश्न विचारायचा राहिला होता.

"ते गेले हो. दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. मी माफी मागून ठेवणार होतो. "पण काय विचारायचं होतं? मला सांगा."

मी विचारलं.

"होती की," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे लिहून घेतलंय ना. लाल पेन्सिलनं. मी समोरच उभी होते."